मराठी वाचणारा संगणक: एनव्हीडीएसाठी कोणता आवाज निवडावा?

विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की मराठी कीबोर्ड मिळतो, तारखा आणि वार मराठीत दिसतात, पण मराठी बोलणारा आवाज मिळत नाही. विंडोजच्या स्वतःच्या आवाजांत हिंदीचे हेमंत आणि कल्पना आहेत, तमिळचा वल्लुवर आहे, भारतीय इंग्रजीचे रवी आणि हीरा आहेत. मराठीची जागा रिकामी आहे. मग नव्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, बसवून देणारा माणूस सहज सांगतो, "हिंदीचाच लावा की, लिपी तर एकच आहे." दृष्टिबाधित विद्यार्थ्याचं यात मोठं नुकसान होतं.

लिपी एक असली तरी ती वाचण्याचे नियम दोन्ही भाषांत वेगळे आहेत. हिंदी आवाज ज्ञानेश्वरांना 'ग्यानेश्वर' म्हणतो, कृष्णेला 'क्रिष्णा' म्हणतो, 'पैसे'चे 'पॅसे' करतो आणि 'औषध'चं 'ऑषध'. 'चाक' आणि 'चार' यांतले दोन वेगळे च त्याला माहीतच नाहीत. 'संवाद'चा तो 'सम्वाद' करतो आणि 'सिंह'ही हिंदी वळणाने बोलतो. एखादं वाक्य असं ऐकलं तर चालून जातं. पण ज्याचं सगळं वाचन कानाने होतं, त्याने शाळेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंतचं मराठी परक्या उच्चारांत ऐकायचं, हे पटण्यासारखं नाही. विशेषतः पर्याय फुकट मिळत असताना.

स्क्रीन रीडर आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावं. पडद्यावरचं काय वाचायचं, कोणत्या क्रमाने वाचायचं, बटण आहे की दुवा हे सांगायचं की नाही, हे स्क्रीन रीडर ठरवतो. ते शब्द उच्चारण्याचं काम सिंथेसायझर करतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला, मग जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. तो विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे आणि त्यात हवा तो सिंथेसायझर बसवता येतो. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर त्याहून जुना, १९८९ पासूनचा आणि महाग आहे. परवाना न घेता तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. वर्ड आणि एक्सेलमध्ये जॉजची पकड उत्तम आहे. पण त्याचा लोकप्रिय एलोक्वेन्स आवाज कोणतीही भारतीय भाषा बोलत नाही. निव्वळ मराठी वाचनासाठी जॉज विकत घेऊ नये. नोकरीच्या ठिकाणी तो आधीच असेल तर त्यात सॅपी ५ पद्धतीचा (विंडोजमध्ये आवाज जोडण्याची ही प्रमाण पद्धत) मराठी आवाज जोडता येतो.

घरच्या आणि अभ्यासाच्या संगणकावर एनव्हीडीए घालावा, आणि त्यात पहिली पसंती ई-स्पीक एनजी या सिंथेसायझरच्या मराठी आवाजाला द्यावी. ही शिफारस ऐकून बरेच जण नाक मुरडतात, कारण ई-स्पीकचा आवाज यांत्रिक आहे. त्यातले शब्द कोणा माणसाच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेले नाहीत. स्वर गणिताने तयार होतात, फक्त स सारख्या अघोष व्यंजनांसाठी छोटे ध्वनिमुद्रित नाद वापरले जातात. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि आजची एनजी आवृत्ती २०१५ च्या अखेरीस त्यातून वेगळी निघाली. शंभराहून अधिक भाषा काही एमबीत मावतात. एनव्हीडीएसोबत तो आपोआप येतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

स्क्रीन रीडरच्या कामात दोन गुणांना फार मोल आहे: कळ दाबल्याबरोबर बोलणं आणि बोलताना मध्येच तोडलं तर तत्काळ थांबणं. खाली-खाली बाण दाबत शंभर फाइलींच्या यादीतून जाताना प्रत्येक नावाचा पहिला शब्द ऐकून पुढे सरकायचं असतं. तिथे आवाज अर्धा सेकंद उशिरा आला तर दिवसभरात हजारो वेळा वाट पाहावी लागते. ई-स्पीक जुन्या, ४ जीबी रॅमच्या संगणकावरही लगेच बोलतो. शिवाय वेग वाढवला तरी त्याचं प्रत्येक अक्षर वेगळं कळतं. ध्वनिमुद्रणातून बनलेले गोड आवाज वेगात एकमेकांत मिसळतात.

एनव्हीडीएत ई-स्पीकच्या वेगाची पट्टी ० ते १०० अशी असते आणि ती मिनिटाला साधारण ८० ते ४५० शब्दांपर्यंत जाते. 'रेट बूस्ट' चालू केल्यास वेग तिप्पट होतो. नव्याने शिकणाऱ्याने ३० ते ३५ वर सुरुवात करावी आणि कान सरावला की दर आठवड्याला चार-पाच अंकांनी वाढवावं. एकदम ७० वर नेऊन "काही कळत नाही" म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. दोष वेगाचा असतो आणि खापर आवाजावर फुटतं. 'व्हेरिअंट'मध्ये मुळात 'मॅक्स' असतो. कानाला टोचत असेल तर दुसरे लावून पाहावेत, उच्चार तेच राहतात, फक्त पोत बदलतो.

आता बसवण्याचे टप्पे. एनव्हीडीए चालू असताना इन्सर्ट, कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या की सिंथेसायझर निवडण्याची चौकट उघडते, तिथे ई-स्पीक एनजी निवडावा. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या सेटिंगमध्ये जावं आणि 'व्हॉइस'च्या यादीत मराठी निवडावं. यादी लांब आहे, इंग्रजी एम अक्षर पुन्हापुन्हा दाबत गेल्यास लवकर सापडतं. खरी मेख याच चौकटीत थोडी खाली आहे: 'ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग' हा चौकोन. तो मुळात चालू असतो. एनव्हीडीए मजकूर पाहून भाषा ओळखत नाही. पानाच्या आत भाषेची जी खूण लिहिलेली असते तिच्यावर तो विश्वास ठेवतो. मराठी संकेतस्थळं बनवताना बरेच जण इंग्रजी साचा उचलतात आणि भाषेची खूण इंग्रजीच ठेवतात. मग आपण मराठी आवाज निवडलेला असूनही त्या पानावर एनव्हीडीए इंग्रजी आवाजाकडे जातो. ई-स्पीकचा इंग्रजी आवाज देवनागरी दिसली की हिंदीचे नियम लावतो. परिणामी एका संकेतस्थळावर 'ज्ञान' नीट ऐकू येतं आणि दुसऱ्यावर 'ग्यान', आणि वापरणारा गोंधळतो. हा चौकोन काढून टाकला की देवनागरी मजकूर सगळीकडे मराठीच्या नियमांनी वाचला जातो आणि रोमन लिपीतले शब्द ई-स्पीक इंग्रजी म्हणून उच्चारतो. सरकारी अर्जांपासून बातम्यांपर्यंत आपलं बहुतेक वाचन मिश्र असतं, म्हणून मराठी वापरणाऱ्यांसाठी हा चौकोन बंद ठेवणंच सोयीचं.

ई-स्पीकचे दोषही सांगायला हवेत. तो मुख्यतः नियमांनी बोलतो, आणि च, ज, झ यांचा उच्चार कधी तालव्य ('चार'मधल्या च सारखा) आणि कधी दंततालव्य ('चाक'मधल्या च सारखा) हे मराठीत केवळ अक्षरांवरून पूर्णपणे ठरत नाही. 'माझा' आणि 'माझी' यांत पुढच्या स्वरावरून अंदाज बांधता येतो, पण 'चाक' आणि 'चार' यांत नाही. तिथे शब्दांची यादीच लागते. मधला अ कुठे गाळायचा याचंही तसंच. 'मुलगा' बरोबर येतो, पण लांब जोडशब्दांत आणि प्रत्यय लागलेल्या रूपांत एखादा अ उगाच उच्चारला जातो किंवा हवा तिथे गळतो. वाक्याची चालही सपाट आहे. कथा, कविता, ललित लेख ऐकायला हा आवाज रुक्ष आहे.

त्या कामासाठी मायक्रोसॉफ्ट एजमधले आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज आहेत. एजमध्ये पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की 'रीड अलाउड' सुरू होतं आणि आवाजाच्या पर्यायांत हे दोघे सापडतात. लांब लेख ऐकण्यासाठी आरोही खरोखर चांगली आहे. श्वासाची जागा, प्रश्नाचा चढ, मराठी ज्ञ आणि ळ, सगळं ओळखीचं वाटतं. एनव्हीडीए आणि एज एकाच वेळी बोलू लागले तर इन्सर्ट आणि एस दाबून एनव्हीडीएला 'ऑन-डिमांड' स्थितीत ठेवावं, म्हणजे विचारल्याशिवाय तो बोलत नाही. हे आवाज इंटरनेटवरून येतात, त्यामुळे जोडणी तुटली की वाचन मध्येच थांबतं.

हेच आवाज एनव्हीडीएत आणण्यासाठी 'नॅचरल व्हॉइस सॅपी अडॅप्टर' नावाचं एक मुक्त स्रोत साधन आहे. ते बसवलं की एजचे ऑनलाइन आवाज सॅपी ५ च्या यादीत दिसतात आणि एनव्हीडीए ते वापरू शकतो. पण सगळ्या कामासाठी ते लावू नयेत. एक तर प्रत्येक कळीला मजकूर सर्व्हरकडे जाऊन आवाज परत येतो, म्हणून बाण दाबत फिरताना कामाची लय मोडते. त्याहून गंभीर गोष्ट खासगीपणाची. स्क्रीन रीडर जे-जे बोलतो ते सगळं बाहेर जातं. त्यात बँकेची शिल्लक येते, आलेला ओटीपी येतो, वैद्यकीय अहवाल आणि खासगी पत्रं येतात. पासवर्डच्या जागी तारका वाचल्या जातात एवढंच संरक्षण. बँकेचं काम करताना संगणकावरच बोलणारा आवाज लावावा, यात तडजोड नको.

दोन्हींचा मेळ घालण्याची उत्तम सोय एनव्हीडीएतच आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. इन्सर्ट, कंट्रोल आणि पी दाबून 'कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स' उघडावं, नवं प्रोफाइल करावं आणि ते कधी लागू व्हावं या पर्यायात 'से ऑल' निवडावं. मग त्या प्रोफाइलमध्ये नैसर्गिक आवाज लावावा. आता एरवी सगळीकडे ई-स्पीक बोलेल, आणि सलग वाचनाची आज्ञा दिली, म्हणजे इन्सर्ट आणि खालचा बाण किंवा लॅपटॉप मांडणीत इन्सर्ट आणि ए, की दुसरा आवाज पुढे येईल. सिंथेसायझर बदलताना किंचित वेळ जातो, पण सलग वाचनात तो खटकत नाही.

फोनवर टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरसोबत गूगलचा मराठी आवाज ऐकलेले लोक तोच संगणकावर मागतात. तो अँड्रॉइडचा आहे, विंडोजसाठी तसा मिळत नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने मराठीसह अनेक भारतीय भाषांची वाचन-मॉडेल्स खुली केली आहेत आणि त्यांचे नमुने ऐकण्यासारखे आहेत. पण संकेतस्थळावर वाक्य टाकून ऐकणं वेगळं आणि स्क्रीन रीडरमधून कळ दाबताक्षणी ऐकणं वेगळं. सॅपी ५ चा आवाज किंवा एनव्हीडीएचं ॲड-ऑन अशा रूपात, संगणकावरच आणि विनाविलंब चालणारी गोष्ट हाती येत नाही तोवर रोजच्या कामाला तिचा उपयोग नाही. विकतचा कुठलाही आवाज घेताना हीच कसोटी लावावी. नमुन्याची ध्वनिफीत ऐकून पैसे भरू नयेत, चाचणी प्रत आपल्याच संगणकावर बसवून पाहावी.

चाचणीसाठी हा मजकूर नोटपॅडमध्ये ठेवावा:

"ज्ञानेश्वरच्या चुलत्याने जळगावच्या बाजारातून चार चमचे आणि एक चाकू घेतला. माझा जावई दऱ्यांतून आला, दर्यावरून नव्हे. कृष्णेकाठच्या सिंहाबद्दल संवाद झाला, तरी संशय राहिला. उलगडलेल्या कागदावरची अडचण कळली. दि. ५/६/२०२४ रोजी डॉ. कुळकर्णी यांना रु. १,२५,००० आणि ७/१२ चा उतारा द्यावा."

मध्ये कुठेतरी एक रोमन लिपीतला शब्द आणि एक दहा आकडी फोन नंबरही टाकावा. आधी सावकाश ऐकावं, मग आपल्या रोजच्या वेगावर, मग एकेक अक्षर पुढे जात. तिसरी पायरी बरेच जण गाळतात. टंकलेखन तपासताना ऱ्हस्व-दीर्घ ओळखायला तीच कामी येते, कारण 'कवि' आणि 'कवी' सलग वाचनात सारखेच ऐकू येतात.

संक्षेप आणि आकडे बहुतेक आवाजांना जड जातात. 'डॉ.'नंतरच्या टिंबावर वाक्य संपल्यासारखा थांबा येतो, सातबाऱ्यातली तिरपी रेघ मध्येच अडखळते, फोन नंबर अब्जांत मोजला जातो. यावर एनव्हीडीएच्या मेनूतल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'स्पीच डिक्शनरीज' आहे. तिथल्या 'डिफॉल्ट' कोशात 'ॲड' करून मूळ मजकूर '७/१२' आणि बदली 'सातबारा' असं भरावं. तसंच 'डॉ.' ला 'डॉक्टर', 'रु.' ला 'रुपये'. इथे एक सापळा आहे. जुळणीच्या प्रकारांत 'होल वर्ड' म्हणजे पूर्ण शब्द हा पर्याय मोहात पाडतो, पण शब्दाची सीमा ठरवताना तो देवनागरीच्या मात्रांना अक्षर मानत नाही. 'दि' ला 'दिनांक' असं पूर्ण शब्द म्हणून भरलं तर 'दिवस'चा 'दिनांकवस' होतो. मूळ मजकुरात शेवटी टिंब ठेवून हाच पर्याय घेतला तर टिंबापुढे मोकळी जागा आल्यावर जुळणीच होत नाही. म्हणून टिंबासह लिहावं आणि 'एनीव्हेअर' निवडावं. प्रत्येक नोंद भरल्यावर वरचा उतारा पुन्हा ऐकावा. एकाच आवाजाचा उच्चारदोष दुरुस्त करायचा असेल तर 'व्हॉइस' कोशात नोंद करावी, नाहीतर दुसरा आवाज लावल्यावर त्याचा बरोबर उच्चार बिघडतो.

कधी दोष आवाजाचा नसतो, मजकुराचाच असतो. 'दऱ्या' मधला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे. आवाजाला मात्र दुसऱ्या प्रकारात ती अदृश्य खूण अडते आणि 'दर्या' किंवा तुटलेला शब्द ऐकू येतो. 'ॲप'च्या ॲ मध्येही हीच खूण पुष्कळदा लपलेली असते. एखादा शब्द अकारण अडखळला तर त्या अक्षरावर जाऊन नंपॅडचा २ तीनदा पटापट दाबावा, एनव्हीडीए खुणांचे क्रमांक सांगतो. ८२०५ ऐकू आलं तर अदृश्य जोडखूण आहे. २३५३ म्हणजे ऱ आणि २४१८ म्हणजे एकसंध ॲ, हे दोन्ही ठीक. संपूर्ण फाइलीत ही गडबड असेल तर वर्डमध्ये शोधा-बदला करून एकदाच साफ करावी.

जुन्या फाँटांतल्या फाइलींना तर कोणताच आवाज पुरा पडणार नाही. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, फाँट फक्त त्याला देवनागरी चेहरा देतो. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द एकेक अक्षर ऐकला तर 'ई, जे, के, बी, एच' असा येतो. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी आणि नंतर रफार, ऱ्हस्व इकार आणि ऱ्य यांच्या जागा तपासाव्यात, रूपांतरात नेमके तेच सरकतात. पीडीएफ आली तर त्यातला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून ऐकावा. काहीच चिकटलं नाही तर ते नुसतं चित्र आहे. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी अक्षरं ओळखली जातात. फाइल २ एमबीच्या आत ठेवावी अशी गूगलची सूचना आहे, म्हणून जाड पुस्तकाचे भाग पाडावेत. दोन स्तंभांची पानं असतील तर ओळी एकमेकींत शिरतात, ती आधी उभी कापून घ्यावीत.

सगळं मनासारखं जुळलं की मेनूतल्या 'टूल्स'मधून 'क्रिएट पोर्टेबल कॉपी' करून एनव्हीडीए पेनड्राइव्हवर घ्यावा आणि त्यात चालू सेटिंग नेण्याचा पर्याय निवडावा. मराठी ई-स्पीक, वेग आणि आपला शब्दकोश तिन्ही सोबत येतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काहीही न बसवता तो चालतो. फक्त विंडोजच्या लॉगिनच्या पडद्यावर आणि प्रशासकाची परवानगी मागणाऱ्या चौकटींत ही प्रत बोलत नाही, तेवढ्यापुरतं आधी कुणाकडून तरी लॉगिन करून घ्यावं. सॅपीचे आवाज पेनड्राइव्हवर येत नाहीत, ते त्या-त्या संगणकावर बसवलेले असावे लागतात.